ऊतींमधील पेशींची सामूहिक हालचाल : यांत्रिक बले आणि आसंजन यांचा परस्परसंबंध

सारांश

बहुपेशीय सजीवांच्या शरीरात अनेक महत्त्वाच्या प्रसंगी पेशी एकएकट्या न जाता एकमेकींना धरून समूहाने सरकतात. भ्रूणाची घडण, जखम भरून येणे आणि कर्करोगाचा फैलाव ही त्याची ठळक उदाहरणे होत. या हालचालीचे नियमन रासायनिक संकेतांबरोबरच यांत्रिक बलांनीही होते. पेशींमधील आसंजन हे त्यांना केवळ चिकटवून ठेवणारे साधन नसून एका पेशीचे बल दुसरीपर्यंत पोहोचवणारे आणि तिला त्याची जाणीव करून देणारे माध्यम आहे, हे प्रस्तुत लेखात इ. स. १९०७ पासूनच्या निवडक प्रयोगांच्या आधारे स्पष्ट केले आहे. आसंजन कमी झाले की पेशी सुटतात आणि पसरतात, ही रूढ समजूत अपुरी का ठरते, याचेही विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : पेशी, ऊती, अभिस्तर, आसंजन, कॅधेरिन, कर्षणबल, सामूहिक स्थलांतर, कर्करोग.

प्रस्तावना

त्वचेला लहानशी जखम झाली की काही दिवसांत ती भरून येते. जखमेच्या कडेच्या पेशी उघड्या पडलेल्या जागेकडे सरकू लागतात आणि दोन्ही बाजूंनी येणारे थर एकमेकांना मिळाले की थांबतात. या सर्व काळात त्या एकमेकींचा हात सोडत नाहीत. त्यांनी तो सोडला असता तर त्वचेचा सलग पडदा राहिला नसता. उलट, तो इतका घट्ट धरला असता की जागचे हलताच येऊ नये, तर जखम उघडीच राहिली असती. एकत्र राहणे आणि पुढे जाणे या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गरजा पेशी एकाच वेळी कशा भागवतात, हा आधुनिक पेशीविज्ञानातील एक मूलभूत प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ जखमेपुरता मर्यादित नाही. एका फलित अंड्यापासून भ्रूण घडताना पेशींचे मोठे थर दुमडतात, लांबतात व एकमेकांवर पसरतात. कर्करोगाच्या अर्बुदातूनही पेशींचे पट्टे आणि पुंजके आजूबाजूच्या ऊतीत शिरतात. म्हणजे शरीर घडवणारी, ते दुरुस्त करणारी आणि ते पोखरणारी हालचाल बऱ्याच अंशी एकाच यंत्रणेवर चालते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयाचा अभ्यास प्रामुख्याने जनुके आणि रासायनिक संकेत यांच्या अंगाने झाला. त्यानंतर बल मोजण्याच्या पद्धती प्रगत झाल्या आणि पेशी एकमेकींना किती ओढतात व ढकलतात, हेही या उत्तराचा भाग असल्याचे दिसून आले. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अंगाचा परामर्श घेतला आहे.

१. एकट्या पेशीची चाल

समूहाची चाल समजण्यासाठी प्रथम एका पेशीची चाल पाहणे उपयुक्त ठरते. पेशीच्या अंतर्भागात अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे सूक्ष्म तंतू असतात. पुढच्या कडेला हे तंतू लांबत जाऊन पेशीचे आवरण पुढे रेटतात व पंख्यासारखा पातळ पदर तयार होतो. हा पदर खालच्या पृष्ठभागाला इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांच्या साहाय्याने पकड घेतो. नंतर मायोसिन हे आकुंचन घडवणारे प्रथिन अ‍ॅक्टिनच्या तंतूंना ओढते, मागची पकड सुटते आणि पेशी पुढे सरकते. मायोसिनचा एक रेणू केवळ काही पिकोन्यूटन इतकेच बल निर्माण करतो. एक पिकोन्यूटन म्हणजे एका न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग. परंतु असे असंख्य रेणू एकदम काम करीत असल्याने पेशीचे एकत्रित बल मोजता येण्याइतके होते.

पेशी खरोखरच आपल्या आधाराला ओढते, हे अल्बर्ट हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एका साध्या प्रयोगाने डोळ्यांना दाखवून दिले. त्यांनी सिलिकोन रबराच्या अतिशय पातळ पापुद्र्यावर पेशी वाढवल्या, तेव्हा पेशींच्या ओढीने त्या पापुद्र्याला सुरकुत्या पडल्या. पुढे १९९९ मध्ये मायकेल डेम्बो व यू-ली वांग यांनी मऊ जेलमध्ये सूक्ष्म मणी पेरून, पेशी सरकताना ते मणी किती विस्थापित होतात यावरून कर्षणबलाचा नकाशा काढला. जेलची स्थितिस्थापकता ठाऊक असल्यास मण्यांच्या विस्थापनावरून बलाचे परिमाण व दिशा ही दोन्ही काढता येतात. या विषयातील पुढील बहुतेक मोजमापांचा पाया याच तत्त्वावर उभा आहे.

या ठिकाणी एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. पेशीची पकड दोन प्रकारची असते. एक पकड खालच्या आधाराशी, ती इंटेग्रिनची. दुसरी शेजारच्या पेशीशी, ती मुख्यतः कॅधेरिन या प्रथिनांची. एकटी पेशी पहिल्या पकडीच्या जोरावर चालते. समूहाचे वैशिष्ट्य दुसऱ्या पकडीत आहे.

२. आसंजनविषयक विचाराचा विकास

पेशी एकमेकींना ओळखतात व निवडून चिकटतात, याचा पहिला प्रभावी पुरावा एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ मध्ये दिला. त्यांनी जिवंत स्पंज बारीक विणीच्या रेशमी कापडातून गाळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पेशी पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांपासून पुन्हा स्पंज तयार झाला. १९५५ मध्ये फिलिप टाउन्स व योहान्स होल्टफ्रेटर यांनी उभयचर प्राण्यांच्या भ्रूणांवर असाच प्रयोग केला. वेगवेगळ्या थरांच्या पेशी सुट्या करून एकत्र मिसळल्या असता त्या आपोआप वेगळ्या झाल्या आणि आपापल्या जागी गेल्या. त्वचेच्या पेशी बाहेर व अंतःस्थ थरांच्या पेशी आत, अशी मूळ रचनेशी मिळतीजुळती मांडणी झाली.

हे कसे घडते, याचे भौतिक स्पष्टीकरण माल्कम स्टाइनबर्ग यांनी १९६० च्या दशकात मांडले. तेल आणि पाणी हलवून एकत्र केले तरी जसे पुन्हा वेगळे होतात, तशाच कमी-अधिक आसंजन असलेल्या पेशीही वेगळ्या होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. अधिक चिकट पेशी मध्यभागी गोळा होतात आणि कमी चिकट पेशी त्यांना वेढतात. या विचारानुसार ऊतीलाही द्रवाप्रमाणे पृष्ठीय ताण असला पाहिजे. स्टाइनबर्ग, रॅमसे फोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणातील ऊतींचे गोळे दोन समांतर पट्ट्यांमध्ये दाबून हा ताण प्रत्यक्ष मोजला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजमापांत हृदयाच्या ऊतीचा पृष्ठीय ताण ८.५, यकृताचा ४.६ व दृष्टिपटलाच्या चेता-ऊतीचा १.६ डाइन प्रति सेंटिमीटर आढळला. ज्या ऊतीचा ताण कमी ती अधिक ताणाच्या ऊतीला वेढते, हे भाकीतही खरे ठरले.

दरम्यान जपानमध्ये मासातोशी ताकेइची यांनी कॅल्शियमच्या उपस्थितीतच कार्य करणाऱ्या आसंजक प्रथिनांचा शोध घेतला. त्यांना १९८० च्या दशकात कॅधेरिन हे नाव मिळाले. अभिस्तर ऊतींमध्ये आढळणारे ते इ-कॅधेरिन आणि चेता-ऊतींमध्ये विशेषत्वाने आढळणारे ते एन-कॅधेरिन. १९९४ मध्ये स्टाइनबर्ग व ताकेइची यांनी संयुक्तपणे असे दाखवले की, एकाच प्रकारच्या पेशींमध्ये कॅधेरिनचे केवळ प्रमाण कमी-अधिक केले तरी त्या आत-बाहेर अशा वेगळ्या होतात. एका बाजूने भौतिक उपपत्ती व दुसऱ्या बाजूने रेणू, अशा दोन धारा येथे एकत्र आल्या.

तथापि या उपपत्तीवरील एक मूलभूत आक्षेप कायम राहिला. पेशी म्हणजे तेलाचा थेंब नव्हे. ती स्वतः ऊर्जा खर्च करून आकुंचन पावते, असे हॅरिस यांनी १९७६ मध्येच निदर्शनास आणले होते. या आक्षेपाचे महत्त्व पुढील प्रयोगांनी सिद्ध केले. झेब्राफिश या माशाच्या भ्रूणपेशींवरील २०१२ च्या अभ्यासात जाँ-लेओं मेत्र, कार्ल-फिलिप हायझनबर्ग व सहकाऱ्यांना असे आढळले की, दोन पेशींमधील संपर्काचे क्षेत्र किती मोठे असेल, हे मुख्यतः पेशीच्या आवरणालगतच्या अ‍ॅक्टिन-मायोसिन थराच्या ताणावरून ठरते. कॅधेरिनचे प्रमुख कार्य हे दोन ताणलेले थर एकमेकांना जोडून ठेवणे हे असते. पेशींची मांडणी केवळ चिकटपणाने ठरत नाही. चिकटपणा आणि ताण यांच्या संयोगाने ठरते.

३. कॅधेरिन : डिंक नव्हे, दोर

वरील निष्कर्षाचा अर्थ नीट कळण्यासाठी कॅधेरिनची रचना पाहावी लागते. कॅधेरिनच्या रेणूचा एक भाग पेशीबाहेर असतो आणि तो शेजारच्या पेशीच्या कॅधेरिनला धरतो. दुसरा भाग पेशीच्या आत असतो. तो बीटा-कॅटेनिन व अल्फा-कॅटेनिन या प्रथिनांच्या साखळीने अ‍ॅक्टिनच्या तंतूंना जोडलेला असतो. परिणामी एका पेशीतील मायोसिनने ओढ घेतली की ती ओढ कॅटेनिन, कॅधेरिन व पुन्हा कॅटेनिन या मार्गाने शेजारच्या पेशीतील तंतूंपर्यंत पोहोचते. दोन वस्तूंना चिकटवणाऱ्या डिंकापेक्षा दोन माणसांनी दोन टोकांना धरलेल्या दोराशी या रचनेचे अधिक साम्य आहे.

हा दोर निर्जीव नाही. शिगेनोबु योनेमुरा व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की, ताण आल्यावर अल्फा-कॅटेनिनची घडी उलगडते व तिच्यातील एक झाकलेली जागा उघडी पडते. त्या जागी व्हिन्क्युलिन हे प्रथिन येऊन बसते आणि अ‍ॅक्टिनशी असलेला जोड अधिक बळकट होतो. ओढ वाढली की जोडही बळकट होतो, अशी ही व्यवस्था आहे. २०१४ मध्ये आणखी एक वैशिष्ट्य समोर आले. कॅधेरिन-कॅटेनिन आणि अ‍ॅक्टिन यांच्यातील बंध बल लावले असता एका मर्यादेपर्यंत लवकर न तुटता अधिक काळ टिकतो. मर्यादेपलीकडे मात्र तो तुटतो. ओढल्यावर आवळत जाणाऱ्या गाठीसारखे हे वर्तन आहे. त्यामुळे जेथे ओढ आहे तेथे पकड पक्की राहते आणि जेथे ओढ नाही तेथे ती सहज सैल होते. समूहातील पेशींना एकमेकींचा हात न सोडता शेजार बदलणे कसे शक्य होते, याचे एक कारण येथे मिळते.

४. पुढारी पेशी आणि समूहाची रस्सीखेच

सामूहिक हालचालीच्या अभ्यासासाठी सर्वाधिक वापरल्या गेलेल्या पेशींपैकी एक प्रकार म्हणजे एमडीसीके पेशी. मॅडिन व डार्बी यांनी १९५८ मध्ये कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून त्यांची पेशीमालिका तयार केली. या पेशी परीक्षापात्रात सलग थर तयार करतात आणि थराच्या एका बाजूला मोकळी जागा करून दिली की त्या दिशेने पसरू लागतात. थराच्या कडेला काही पेशी आकाराने मोठ्या होतात व पंख्यासारखा पदर पसरून पुढे झेपावतात. त्यांना पुढारी पेशी म्हटले जाते. या पुढारी पेशी आगगाडीच्या इंजिनाप्रमाणे मागच्या सर्व पेशींना ओढून नेत असाव्यात, असे सहज वाटते.

झेवियर ट्रेपॅट, जेफ्री फ्रेडबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही कल्पना मोजून पाहिली. त्यांनी संपूर्ण थराखालील कर्षणबलाचा नकाशा काढला. पुढारी पेशी ओढतात हे खरे, परंतु बलाचा फार मोठा वाटा कडेपासून कितीतरी रांगा आत असलेल्या पेशींचा असतो, असे त्यात दिसले. प्रत्येक पेशी आपल्यापुरती ओढ लावते आणि ती ओढ शेजारणींमार्फत पुढे साठत जाते. त्यामुळे थरातील ताण कडेपासून आत जावे तसा वाढत जातो. ही स्थिती इंजिनापेक्षा रस्सीखेचीच्या खेळाशी जुळते. त्या खेळात दोराच्या मधल्या भागावरील ताण हा बाजूच्या प्रत्येक खेळाडूच्या ओढीची बेरीज असतो.

या निष्कर्षातून पुढचा प्रश्न उभा राहतो. ताण जर पेशींमधून वाहत असेल, तर पेशी त्याचा उपयोग दिशा ठरवण्यासाठी करतात काय? धनंजय तांबे व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये थरातील अंतर्गत प्रतिबलाचा नकाशा काढला. ज्या दिशेने ताण सर्वाधिक व शेजारणींमधील घासटीचे बल सर्वांत कमी, त्या दिशेला धरून पेशी सरकताना आढळल्या. गर्दीत चालणारा मनुष्य जशी कमीत कमी धक्के लागतील अशी वाट धरतो, तसाच हा प्रकार आहे.

ताणाची जाणीव पेशीच्या आत कशी पोहोचते, याचा एक दुवा तमाल दास व सहकाऱ्यांच्या २०१५ च्या संशोधनात सापडतो. मर्लिन हे प्रथिन स्थिर पेशींमध्ये पेशींच्या सांध्यापाशी असते. पुढची पेशी ओढू लागली की मागच्या पेशीतील मर्लिन सांध्यापासून सुटून आत जाते. त्यामुळे रॅक-१ या प्रथिनावरील बंधन त्या बाजूला दूर होते आणि ओढीच्या दिशेने नवा पदर फुटतो. म्हणजेच मागची पेशी केवळ फरफटत जात नाही. ओढ लागताच ती स्वतःही त्याच दिशेने पाऊल टाकते. अनुयायी पेशीला पुढारी पेशीची दिशा कळते ती या ओढीतून.

जखम बंद होण्याची आणखी एक तऱ्हा भ्रूणावस्थेत दिसते. पॉल मार्टिन व ज्युलियन लुइस यांनी १९९२ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील जखमेभोवती अ‍ॅक्टिनची सलग दोरी असल्याचे दाखवले. कडेच्या सर्व पेशींमधून ओवली गेलेली ही दोरी आकुंचन पावली की बटव्याचे तोंड आवळावे तशी जखम मिटते. येथेही पेशीगणिक तुटक असलेले तंतू एका दोरीसारखे काम करू शकतात, ते त्यांना जोडणाऱ्या सांध्यांमुळेच.

५. सजीव भ्रूणातील पुरावे

परीक्षापात्रातील सपाट थर आणि सजीव शरीर यांत मोठे अंतर असते. म्हणून वरील निष्कर्ष सजीवांमध्ये कितपत लागू पडतात, हे पाहणे अगत्याचे आहे. या संदर्भात तीन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत.

पहिले उदाहरण फळमाशीच्या अंडाशयातील आहे. तेथे अंडकोष्ठाच्या टोकापासून सहा ते दहा पेशींचा एक पुंजका सुटतो आणि मोठ्या पोषक पेशींच्या मधून वाट काढत सुमारे १५० मायक्रोमीटरचा प्रवास करून अंडपेशीपाशी पोहोचतो. या पेशींना सीमापेशी म्हणतात. इ-कॅधेरिन काढून टाकले तर पुंजका अधिक मोकळेपणाने जाईल, अशी अपेक्षा करता येईल. प्रत्यक्षात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उलट दिसले. सीमापेशींमधून किंवा पोषक पेशींमधून ते काढले असता प्रवास रखडला. डेनिस माँटेल यांच्या प्रयोगशाळेतील २०१४ च्या अभ्यासाने याचा अधिक उलगडा केला. पुंजक्याच्या पुढच्या टोकाशी इ-कॅधेरिनवर ताण अधिक असतो, तो ताण पुढच्या पेशीची हालचाल अधिक सक्रिय करतो आणि त्यामुळे दिशा टिकते. येथे शेजारच्या पेशीला धरणे हेच पुढे जाण्याचे साधन आहे.

दुसरे उदाहरण आफ्रिकन नखरी बेडूक अर्थात झेनोपस याच्या भ्रूणाचे आहे. चेतानलिकेच्या कडेला तयार होणाऱ्या चेताशिखेच्या पेशी समूहाने दूरवर जातात व पुढे चेहऱ्याची कूर्चा, चेतापेशी, रंगद्रव्यपेशी इत्यादी घडवतात. एलियास बारिगा, रोबर्टो मेयर व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये असे दाखवले की, या पेशी निघण्याच्या सुमारास त्यांच्या खालची मध्यस्तराची ऊती ताठर होते. तेथील पेशींची गर्दी वाढल्याने हा ताठरपणा येतो. तो प्रयोगाने कमी केला तर चेताशिखेच्या पेशी निघत नाहीत आणि वेळेआधी वाढवला तर त्या वेळेआधी निघतात. रासायनिक संकेत तेच असूनही प्रवासाचा मुहूर्त पायाखालच्या जमिनीच्या कठीणपणावर ठरतो, ही बाब लक्षणीय आहे.

तिसरे उदाहरण झेब्राफिशच्या भ्रूणाच्या लांबीत होणाऱ्या वाढीचे आहे. ऑट्गर कांपास यांच्या गटाने ऊतीत चुंबकीय द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब सोडून व ते चुंबकाने ताणून ऊतीचा कठीणपणा जागोजागी मोजला. २०१८ मधील या अभ्यासात शेपटीच्या टोकाकडील ऊती द्रवासारखी वाहती, तर डोक्याच्या दिशेने गेल्यावर ती घनासारखी घट्ट आढळली. टोकाशी पेशी सहज शेजार बदलतात व शरीर लांबत जाते. मागे राहिलेला भाग घट्ट होत गेल्याने मिळालेला आकार टिकतो. या घट्टपणासाठी एन-कॅधेरिनचे कार्य आवश्यक असते.

६. गर्दी, घट्टपणा आणि पेशीचा आकार

एकच ऊती कधी वाहती तर कधी घट्ट कशी होते, हा प्रश्न येथे पुढे येतो. तांदळाच्या डब्याला ठोके दिले की दाणे एकमेकांत अडकून बसतात व ओतताना सहज निघत नाहीत. दाणे तेच, पण रास घनासारखी वागते. अभिस्तरातही पेशींची संख्या वाढत गेली की हालचाल मंदावते आणि अखेर थर जणू गोठतो. मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. दाण्यांच्या मधे रिकाम्या जागा असतात. अभिस्तरातील पेशी आधीच एकमेकींना पूर्णपणे भिडलेल्या असतात. म्हणून केवळ गर्दी हे पुरेसे स्पष्टीकरण ठरत नाही.

दापेंग बी, लिसा मॅनिंग व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात पेशीच्या आकाराला महत्त्व दिले आहे. पेशीच्या परिमितीला तिच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागले असता आकाराचा निर्देशांक मिळतो. नियमित षट्कोनासाठी तो सुमारे ३.७२ व नियमित पंचकोनासाठी सुमारे ३.८१ येतो. सिद्धांतानुसार हा निर्देशांक ३.८१ पेक्षा कमी असेल, म्हणजे पेशी आटोपशीर आकाराच्या असतील, तर थर घनासारखा वागतो. तो अधिक असेल, म्हणजे पेशी लांबट असतील, तर थर वाहता होतो. आवरणालगतचा ताण पेशीची परिमिती आखडतो, तर आसंजन शेजारणींमधील संपर्क वाढवून ती लांबवते. यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. या गणितात आसंजन वाढल्याने थर अधिक घट्ट न होता अधिक प्रवाही होऊ शकतो.

त्याच वर्षी या सिद्धांताची कसोटी दम्याच्या संदर्भात घेण्यात आली. दमा असलेल्या व नसलेल्या व्यक्तींच्या श्वासनलिकेतील अभिस्तर पेशी परीक्षापात्रात वाढवल्या असता, दमा नसलेल्यांच्या पेशींचा थर लवकर स्थिर झाला आणि दमा असलेल्यांच्या पेशी अधिक काळ हलत राहिल्या. श्वासनलिका आवळली गेल्यावर पेशींवर जसा दाब येतो तसा दाब दिल्यावर स्थिर झालेला थरही पुन्हा हलू लागला. पेशींच्या आकाराचा निर्देशांकही सिद्धांताला अनुसरून बदलला. दम्यात श्वासनलिकेच्या अस्तराचा विचार केवळ दाहाच्या अंगाने न करता यांत्रिक अंगानेही करावा लागतो, असे यावरून म्हणता येते.

७. कर्करोग आणि आसंजन : एका समजुतीची फेरतपासणी

कर्करोगाच्या फैलावाचे प्रचलित चित्र असे होते : अर्बुदातील पेशी इ-कॅधेरिन गमावतात, शेजारणींपासून सुटतात, एकेकट्या रक्तात शिरतात व दूरच्या अवयवात रुजतात. या चित्राला भक्कम आधारही आहे. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या जठराच्या कर्करोगामागे इ-कॅधेरिनच्या जनुकातील बिघाड असल्याचे १९९८ मध्ये सिद्ध झाले. स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात, ज्यास लोब्युलर कार्सिनोमा म्हणतात, इ-कॅधेरिन सहसा नाहीसे झालेले असते व पेशी एकामागे एक अशा रांगेत ऊतीत शिरलेल्या दिसतात.

परंतु स्तनाच्या कर्करोगाच्या अधिक आढळणाऱ्या डक्टल प्रकारात इ-कॅधेरिन बहुधा टिकून असते, आणि तरीही तो पसरतो. निकोला अचेतो व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की, रक्तातून वाहणारे कर्कपेशींचे पुंजके संख्येने विरळ असले तरी दूरच्या अवयवात रुजण्याची त्यांची क्षमता एकट्या पेशीच्या २३ ते ५० पट असते. या पुंजक्यांना जोडून ठेवणाऱ्या प्लाकोग्लोबिन या प्रथिनाचे प्रमाण घटवले असता पुंजके व फैलाव दोन्ही कमी झाले. वीणा पद्मनाभन, अँड्र्यू इवाल्ड व सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासाने हे कोडे अधिक स्पष्ट केले. डक्टल प्रकाराच्या प्रारूपांत इ-कॅधेरिन काढून टाकल्यावर पेशी आजूबाजूच्या ऊतीत अधिक शिरल्या; परंतु त्यांपैकी पुष्कळशा मरण पावल्या आणि दूरच्या अवयवातील फैलाव घटला. शिरकाव आणि फैलाव या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर आसंजन अडथळा ठरू शकते, तर दुसऱ्या पायरीवर तेच कर्कपेशीला जगवणारे संरक्षण ठरते.

भारताच्या दृष्टीने या विषयाला विशेष महत्त्व आहे. तंबाखूच्या सेवनामुळे भारतातील पुरुषांमध्ये मुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक ठरला आहे. त्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना विकृतिशास्त्रज्ञ पेशींच्या शिरकावाची तऱ्हाही नोंदवतात. अर्बुदाची कड सलग व रुंद आहे, की त्यापासून पेशींची बेटे सुटली आहेत; ती बेटे मोठी आहेत की पंधरा वा त्याहून कमी पेशींची; मूळ अर्बुदापासून ती किती दूर गेली आहेत, हे पाहिले जाते. लहान व दूरवर विखुरलेली बेटे हे रोग बळावण्याचे लक्षण मानले जाते. काचपट्टीवर दिसणारी ही बेटे म्हणजे पेशींच्या हालचालीचा एका क्षणी थांबवलेला आलेख होय. तो आसंजन व बल यांच्या भाषेत वाचता येऊ लागल्यास रोगाच्या पुढील वाटचालीचा अंदाज बांधण्यास मदत होऊ शकते.

या संशोधनावरून लगेच उपचाराकडे उडी घेणे मात्र सयुक्तिक नाही. आसंजन तोडणारे औषध फैलाव रोखेल, असे म्हणावे तर तेच शिरकाव वाढवू शकते. आसंजन वाढवणारे औषध द्यावे तर ते रक्तातील पुंजक्यांना बळ देऊ शकते. शिवाय तीच यंत्रणा त्वचेचे, आतड्याच्या अस्तराचे व जखमा भरण्याचे काम अहोरात्र करीत असते. लोब्युलर प्रकारच्या कर्करोगात तर इ-कॅधेरिनशिवायही फैलाव होतो. म्हणून कर्करोगाचा प्रकार व त्याची अवस्था लक्षात घेतल्यावाचून आसंजन हितकर की अहितकर, हा प्रश्नच अपूर्ण राहतो.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील मुद्दे स्पष्ट होतात.

१) पेशींचा समूह केवळ पुढारी पेशींच्या बळावर सरकत नाही. समूहातील प्रत्येक पेशी ओढ निर्माण करते आणि ती शेजारणींमार्फत सर्वत्र वाटली जाते.

२) आसंजन हे बलाचे वहन करणारे व बलाची जाणीव करून देणारे माध्यम आहे. ओढ वाढली की ते एका मर्यादेपर्यंत बळकट होते व ओढ सरली की सैल पडते.

३) ऊती घट्ट राहील की वाहती होईल, हे आसंजन, आवरणालगतचा ताण, पेशींची गर्दी व आधाराचा कठीणपणा या घटकांच्या तोलावर अवलंबून असते. यांपैकी कोणत्याही एका घटकावरून परिणामाचे भाकीत करता येत नाही.

४) कर्करोगात आसंजनाची भूमिका रोगाच्या पायरीनुसार बदलते. आसंजन घटणे म्हणजे फैलाव वाढणे, हे समीकरण सर्वत्र लागू पडत नाही.

विल्सन यांच्या रेशमी कापडातून गाळलेल्या स्पंजापासून झेब्राफिशच्या भ्रूणातील चुंबकीय थेंबापर्यंतच्या या प्रवासात जीवशास्त्राला भौतिकशास्त्र, गणित आणि अभियांत्रिकी यांची मदत वेळोवेळी घ्यावी लागली आहे. पेशीच्या आत कोणती प्रथिने आहेत याच्या यादीबरोबर त्या प्रथिनांवर किती बल येते, याची नोंद ठेवणेही आता आवश्यक झाले आहे. जखमेवर धरणारी खपली, आईच्या पोटात आकार घेणारा चेहरा आणि तोंडातील न भरणारा व्रण यांच्यामागे पेशींचे एकमेकींना धरणे व ओढणे हीच क्रिया आहे. ती केव्हा घडवते व केव्हा बिघडवते, हे त्या दोहोंच्या तोलावरून ठरते.